खाल्लेलं आणि सांडलेलं

संशोधन केंद्रात त्यांना सगळे काट्याच्या बाई म्हणत. काटा म्हणजे वजनाचा. तळमजल्याच्या टोकाला एक अरुंद खोली होती आणि तिच्यात दगडी ओट्यावर, काचेच्या पेटीत तो काटा ठेवलेला होता. ग्रॅमचा दहा-हजारावा भाग दाखवणारा. खोलीला पंखा नव्हता, खिडकी कायम बंद, आणि दारावर बाईंच्या हस्ताक्षरातली पाटी: 'आत श्वास सांभाळून घ्या.' नवी आलेली माणसं हसायची. मग एकदा आत येऊन बोलायला लागायची, काट्याचा आकडा थरथरायला लागायचा, आणि बाई अशा बघायच्या की पुढच्या खेपेला ती माणसं दाराबाहेरूनच बोलायची. बाई स्वभावानं वाईट नव्हत्या. फक्त ज्याला मोजता येत नाही त्याच्यावर त्यांचा विश्वास बसायला वेळ लागायचा, आणि ज्याला मोजता येतं त्याच्यावर तो जरा लवकरच बसायचा. पुढे जे घडलं ते एवढ्या एका खोडीपायी घडलं.

त्यांचं काम सांगायला सोपं होतं. ऊन गवतात उतरतं, गवत नाकतोडा खातो. तर गवतातलं नाकतोड्याच्या अंगी किती लागतं? एवढाच प्रश्न. करायला गेलं की मात्र नाकी नऊ. केंद्राच्या मागच्या माळावर चौदा पेट्या होत्या. लाकडी चौकटी, बारीक जाळी, बूड नाही. उगवत्या गवतावर त्या कोंबड्या झाकायच्या डालग्यासारख्या पालथ्या घातलेल्या होत्या. दहा पेट्यांत मोजून नाकतोडे सोडलेले, चार रिकाम्या. रिकाम्या कशाला, असं बघायला आलेले पाहुणे हमखास विचारत. बाईंचं उत्तर ठरलेलं असे. गवत नुसतं उभं असलं तरी वाळतं, झडतं. खाणारं कुणी नसताना किती कमी होतं ते आधी कळायला हवं.

दर दहा दिवसांनी प्रत्येक पेटीतला वीतभर चौकोन जमिनीलगत कापायचा, कागदी पाकिटात भरायचा, भट्टीत दोन दिवस वाळवायचा आणि काट्यावर ठेवायचा. रिकाम्या पेटीत गवत जास्त भरायचं, नाकतोड्यांच्या पेटीत कमी. मधला फरक म्हणजे खाल्लेलं. मग त्यातलं चिमूटभर गवत एका जाड पोलादी भांड्यात प्राणवायू भरून जाळायचं आणि भोवतालचं पाणी किती तापलं ते बघायचं, म्हणजे त्या गवतात उष्मांक किती होते ते कळे. नाकतोडे वाढले किती, तेही तोलायचं. त्यांच्या विष्ठेतून किती परत गेलं, ते प्रयोगशाळेतल्या काचेच्या बरण्यांत वेगळं मोजलेलं होतं. खाल्लेल्यातून अंगी लागलेलं वजा, विष्ठेतून गेलेलं वजा, आणि जे उरेल ते नाकतोड्यानं जगण्यात, उड्या मारण्यात जाळलं असं धरायचं. जळालेलं कुणाला दिसत नाही. जे कुठेच सापडत नाही ते जळालं, असा या शास्त्राचा रिवाज होता आणि बाईंना तो पटलेला होता.

गोम एकच होती. बरणीतला नाकतोडा जेवढं जाळायचा त्याच्या तिप्पट माळावरचा जाळत होता. दोन हंगाम हाच आकडा. बाईंनी काटा तपासला, भट्टी तपासली, पाकिटं तपासली. कुठे काही चुकलेलं नव्हतं.

"चुकलेलं नाहीच आहे," केंद्रप्रमुख म्हणाले. त्यांना सगळे सर म्हणत. "बाहेर ऊन आहे, वारा आहे, पक्ष्यांची भीती आहे. बाहेर जळणारच जास्त. मला आधीपासून वाटत होतं." हे सरांचं नेहमीचं वाक्य. आकडा आल्यावर त्यांना तो आधीपासून वाटत असे. पण ते खूश होते, तिसऱ्या हंगामाचे आकडे आले की निबंध छापायला जाणार होता, आणि वीस वर्षं दुसऱ्यांची वजनं करून दिलेल्या बाईंचं नाव पहिल्यांदा त्यावर पहिलं येणार होतं.

त्या चौदाही पेट्या नानांनी केलेल्या होत्या. नाना म्हणजे बाईंचे वडील. हाडाचे सुतार. हात थकल्यावर गिऱ्हाइकांचं काम सोडलं, तरी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये रंधा, करवत, पटाशी सगळं जागच्या जागी होतं आणि नाना दिवसभर तिथंच. बिनबुडाच्या पेट्या करायला सांगितल्या तेव्हा ते म्हणाले होते, "चिमे, बूड नाही त्या पेटीला पेटी म्हणत नाहीत." चिमी हे बाईंचं घरातलं नाव. पंचेचाळिशी उलटली तरी ते बदललं नव्हतं.

घरात दोघंच. आई जाऊन बारा वर्षं झाली होती, बाईंनी लग्न केलं नव्हतं, आणि दोघांचं एकमेकांशी छान जमायचं, कारण दोघांनाही कमी बोलणारी आणि मापाला पक्की माणसं आवडत.

थंडी सरता सरता नानांची विजार सैल झाली. त्यांनी गिरमिटानं पट्ट्याला एक नवं भोक पाडलं. महिन्यानं दुसरं. बाईंच्या नजरेतून ते सुटलं असतं तर त्या काट्याच्या बाई कसल्या. त्यांनी वजन करायचं यंत्र आणलं आणि दर रविवारी सकाळी नानांना त्यावर उभं करायला सुरुवात केली. अठ्ठावन्न पूर्णांक चार. सत्तावन्न पूर्णांक एक. पंचावन्न.

"म्हातारपण आहे," नाना म्हणाले. "जुनं लाकूड हलकं होतंच."

"लाकडाला कारण लागतं," बाई म्हणाल्या, आणि स्वयंपाकघरात ओट्यावर एक छोटा काटा आला.

सकाळी सातला त्या निघत. नाना तेव्हा चहा घेत, त्यात बुडवून एखादा ब्रेडचा तुकडा. रात्री जेवण जड होतं म्हणून ते पेलाभर दूध पिऊन झोपत. तेव्हा जे काही पोटात जायचं ते दुपारीच. म्हणून बाई दुपारचा डबा भरगच्च करायच्या. भात, भाजी, उकडलेलं अंडं. डबा काट्यावर ठेवायचा, आकडा वहीत लिहायचा. संध्याकाळी परत आलं की आधी डबा बघायचा. पहिल्या दिवशी अर्धा परत आला होता. दुसऱ्या दिवशी रिकामा. मग रोज रिकामा, नानांनी स्वतः घासून पालथा घातलेला. बाईंना केवढं बरं वाटायचं. संध्याकाळी डबा उचलून त्याच्या हलकेपणावर खूश होण्याची त्यांना सवयच लागली. चारशे तीस ग्रॅम, चारशे पंधरा, साडेचारशे. ज्या माणसाचं जेवण एवढं आहे त्याला काय धाड भरली आहे, असं त्या स्वतःला सांगायच्या. आणि रविवारी यंत्रावर आकडा उतरलेलाच असायचा.

त्रेपन्नला पोचल्यावर त्या नानांना डॉक्टरांकडे घेऊन गेल्या.

डॉक्टर तरुण, पण शहाणे होते. घाईत नव्हते. त्यांनी नेमका पहिला प्रश्न विचारला. "जेवण कसं आहे यांचं?"

बाईंनी वही काढली. "दुपारचं सरासरी चारशे वीस ग्रॅम. उष्मांक इथं लिहिलेत. सकाळचं आणि रात्रीचं वेगळं. ही वजनं, दर रविवारची. उपाशीपोटी, त्याच कपड्यांत."

डॉक्टरांनी पानं उलटली आणि मान हलवली. "असे नातेवाईक मिळाले तर आमचं अर्धं काम होईल." मग ते नानांकडे वळले. "काय आजोबा? जेवण जातं ना नीट?"

नानांनी डॉक्टरांकडे पाहिलं, मग वहीकडे, मग लेकीकडे. "ती लिहिते ते बरोबरच असतं," ते म्हणाले.

"म्हणजे जातंय पण अंगी लागत नाही," डॉक्टर म्हणाले. "कुठेतरी जळतंय. शोधू या."

जळतंय हा शब्द बाईंना ओळखीचा वाटला आणि त्यांना धीर आला. शोधाशोध सुरू झाली. गळ्यातल्या ग्रंथीची तपासणी झाली, रक्तातली साखर झाली, छातीचा फोटो झाला, पोटात जंत आहेत का तेही पाहिलं. एकेक अहवाल यायला आठवडा, की पुढची चिठ्ठी. दोन महिने यात गेले. सगळे अहवाल चांगले आले आणि प्रत्येक चांगल्या अहवालागणिक नाना एकेक किलो उतरत गेले. रोज डबा मात्र रिकामा होता. बाईंनी डब्यात आणखी एक अंडं वाढवलं.

तिसऱ्या हंगामातली चौथी कापणी होती त्या सकाळची गोष्ट. बाई नेहमी नऊला माळावर जात. त्या दिवशी झोपच लागली नाही म्हणून साडेसातलाच पोचल्या. माळीमामा, म्हणजे केंद्राचे माळी, पहिल्या पेटीशी उकिडवे बसून जाळीचं दार उघडत होते. शेजारी आखूड खराटा आणि घमेलं.

बाईंनी आत पाहिलं. गवताच्या बुडाशी जमीन दिसतच नव्हती. हिरवी, अर्धी वाळलेली, पिवळी पाती तुटून खच पडला होता.

"हे काय? हे काय पडलंय?"

"केर," माळीमामा म्हणाले. "झाडतो ना आता. तुम्ही लवकर आलात. तुम्ही यायच्या आत करून ठेवतो मी नेहमी."

"नेहमी म्हणजे?"

"म्हणजे कापणीच्या सकाळी. तुम्हीच सांगितलेलं, पहिल्या वर्षी. पाकिटात मातीकचरा येतो, कापायच्या आधी खालून स्वच्छ झाडून ठेवा म्हणून. तेव्हापासून एक दिवस चुकलेला नाही." त्यांच्या आवाजात अभिमान होता आणि तो रास्त होता.

"आणि चारही रिकाम्या पेट्यांत?"

"तिथं कुठलं? तिथं दोन काड्या निघतात. हे सगळं या नाकतोड्यांचं काम. माजलेत मेले. खातात चिमूटभर आणि सांडतात ओंजळभर."

"मामा, हे तुम्ही मला कधी बोलला नाहीत."

"तुम्ही विचारलं नाहीत," माळीमामा म्हणाले. मग बाईंचा चेहरा बघून जरा नरमाईनं म्हणाले, "आणि बाई, तुमच्या काट्यापुढे माझ्या खराट्याचं कोण ऐकणार?"

बाई पेटीसमोर पोटावर आडव्या झाल्या. तीन वर्षांत त्यांनी हजारो नाकतोडे तोलले होते, पण एकाला माळावर जेवताना बघितलं नव्हतं. बघण्यासारखं काय त्यात, मोजलं की झालं. आता त्या बघत राहिल्या. एक नाकतोडा पात्यावर चढला. मधोमध जबडा लावला आणि कुरतडायला लागला. पातं तुटलं, वरचा वीतभर शेंडा खाली पडला. त्यानं खाली पाहिलंसुद्धा नाही. उरलेल्या खुंटाची कड दोन घास खाल्ली आणि उडी मारून दुसऱ्या पात्यावर गेला. तिथंही तेच. तासाभरात त्यानं सात पाती पाडली.

त्यांनी माळीमामांना झाडू दिलं नाही. वीतभर चौकोनातलं पडलेलं एक-एक पातं चिमट्यानं उचलून पाकिटात भरलं, दहाही पेट्यांतलं. वाळवायला धीर नव्हता. काट्याच्या खोलीत जाऊन त्यांनी एक अंदाज घेण्यापुरतं तसंच तोललं आणि वाळल्यावर किती राहील ते मनाशी धरून वजाबाकी मांडली. नाहीशा झालेल्या गवताचे तीन भाग केले तर त्यातले दोन या पाकिटांत होते. नाकतोड्यांनी ते खाल्लंच नव्हतं. तिप्पट जळणं वगैरे सगळं पार पुसलं गेलं. माळावरचा नाकतोडा बरणीतल्या नाकतोड्याएवढंच जाळत होता, जवळपास तंतोतंत.

दोन वर्षांचं काम गेलं, निबंध गेला, हे त्यांना कळलं. पण ते कळणं कुठेतरी बाजूला उभं राहिलं. त्यांच्या डोळ्यांपुढे दुसरंच वाक्य होतं. जे ताटात नाही ते पोटात गेलं, असं आपण धरलं. कुणी बघितलं होतं?

बाई उठल्या. वीस वर्षांत पहिल्यांदा त्या काट्याचं काचेचं दार उघडं टाकून खोलीबाहेर पडल्या.

घरी पोचल्या तेव्हा दीड वाजला होता. घराचं दार त्यांनी वाजवलं नाही. बाजूच्या बोळातून मागे गेल्या. शेडचं दार अर्धं उघडं होतं.

नाना कामाच्या बाकाशी बसले होते. समोर डबा उघडलेला. त्यांनी चमच्यानं थोडासा भात घेतला, सुपारीएवढा. तोंडात टाकला आणि चावत राहिले. खूप वेळ चावला. मग डोळे मिटून गिळायचा प्रयत्न केला आणि त्यांचा हात छातीवर गेला. मान पुढे, खांदे वर, कपाळावर शीर तट्ट फुगलेली. अख्खं अंग त्या एका घासाशी झगडत होतं. बाईंना वाटलं आत धावावं, पण त्यांनी दाराची चौकट धरून ठेवली. शेवटी नाना वाकले आणि घास बाहेर काढून त्यांनी भुशात टाकला. पाण्याचा एक घोट घेतला, तो उतरला. थोडा वेळ तसेच बसून राहिले. मग वर्तमानपत्राचा कागद पसरला, त्यावर मूठभर भुसा, त्यावर डबा उपडा केला, वरून पुन्हा भुसा, आणि कागदाच्या चारी कडा दुमडून इतकी रेखीव पुडी बांधली की तिच्या कोपऱ्याला सुताराचा गुण्या लावून काटकोन तपासावा. ती त्यांनी रंध्याच्या छिलक्यांच्या पोत्यात खाली दाबली. पोतं दर शनिवारी भुसावाला घेऊन जाई. मग नाना डबा घेऊन नळाशी निघाले आणि दारात लेक उभी.

डब्यातून भाताचं एक शीत खाली पडलं.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"थंडी संपताना." नाना परत बाकावर बसले. "पातळ जातं. घट्ट काही इथं येऊन बसतं." त्यांनी छातीच्या मधोमध बोट ठेवलं, सुतार खूण करतो तसं अगदी नेमकं.

"आणि मला सांगितलं नाहीत? मी रोज... मी मूर्खासारखी रोज काट्यावर ठेवतेय, लिहितेय, आणि तुम्ही इथं पुड्या बांधताय? लाज नाही वाटली नाना?" बाईंचा आवाज चढला. असा आवाज त्या घरात कुणी कधी चढवला नव्हता.

"वाटली की," नाना म्हणाले. "म्हणून तर."

"म्हणजे काय?"

नानांनी रंध्यावरचा भुसा अंगठ्यानं पुसला. "पहिल्या दिवशी अर्धा डबा परत दिला होता मी. आठवतं? तू तो काट्यावर ठेवलास, वहीत लिहिलंस आणि तुझं तोंड एवढंसं झालं. रात्री तू जेवलीही नाहीस. दुसऱ्या दिवशी रिकामा दिला तर केवढी खुललीस. मग म्हटलं रिकामाच देऊ. तुझ्या त्या नाकतोड्यांच्या कामाचं हे शेवटचं वर्ष. तेवढं निघून जाईल, मग बघू."

"डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तरी सांगायचं."

"त्यांच्यापुढे तुझी वही खोटी पाडू?" नाना म्हणाले. त्यांना खरंच नवल वाटलं होतं. "तो एवढा वाखाणत होता."

"वही गेली चुलीत!" बाई ओरडल्या आणि मग त्यांना रडू फुटलं. त्या भुशातच बसल्या. नानांना सवय नव्हती, त्यांना काय करावं सुचेना. ते उठले, त्यांनी लेकीच्या केसांतला एक छिलका काढला, मग दुसरा काढला.

डॉक्टरांनी तीन दिवसांत नळीनं आत बघितलं. अन्ननलिकेत गाठ होती, वाटेच्या चार हिश्श्यांतले तीन अडवून बसलेली. डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं. कापून काढण्यासारखी आता राहिलेली नाही, ते म्हणाले. पसरली आहे. दोन महिने आधी सापडली असती तर, म्हणाले आणि तिथंच थांबले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"माझंही चुकलं," डॉक्टर म्हणाले. "मी त्यांचं तोंड उघडायला लावायच्या ऐवजी तुमची वही वाचत बसलो. एवढी नीट होती ना ती." हा माणूस हे बोलला नसता तरी कुणी त्याला दोष दिला नसता. बाईंना त्याबद्दल त्याच्याविषयी आदर वाटला, पण उपयोग कशाचाच नव्हता.

वाट उघडी राहावी म्हणून आत जाळीची एक बारीक नळी बसवायची ठरलं. नाना ते ऐकून म्हणाले, "नीट ताणून बसवा म्हणावं. माझ्या पेट्यांची जाळी अजून कुठं सुटलेली नाही."

केंद्रात बाईंनी सरांना सगळं सांगितलं. पाकिटांतलं गवत एव्हाना वाळवून तोललेलं होतं. तेही त्यांच्या टेबलावर ठेवलं. सरांनी पाकिटं उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, "निबंध जरा सौम्य करून देता येईल. सांडण्याचा उल्लेख तळटीपेत."

"तळटीप नको सर. आकडा चुकला आहे, चूक माझी आहे. झाडायला मी सांगितलं होतं."

"दोन हंगाम वाया गेले, बाई."

"तिसरा नको जायला," बाई म्हणाल्या. तक्त्यात 'खाल्लेलं' असा एक रकाना होता, त्याच्या शेजारी त्यांनी पट्टी लावून दुसरा आखला: 'सांडलेलं'. तो भरायचं काम माळीमामांकडे दिलं. त्यांचं अक्षर मोठं होतं, रकान्यात मावत नसे, पण एकही पातं सुटत नसे.

बाईंनी रजा घेतली. वीस वर्षांची साठलेली होती. ओट्यावरचा काटा त्यांनी शेजारणीला देऊन टाकला. वजनाचं यंत्रही कपाटावर गेलं. नानांना त्यांनी गवताची हकिगत सांगितली. त्यांना ती फार आवडली. "तरी मी म्हटलं होतं," ते म्हणाले, "बूड नसलेली पेटी कामाची नाही. खाली खण हवा होता."

"खण केला तर गवत उगवणार कुठं नाना?"

"ते तू बघ," नाना म्हणाले. "मी सुतार."

नळी बसवल्यावर महिनाभर बरं गेलं. पातळ भात उतरायचा, दूध, कुस्करलेलं केळं. बाई समोर बसायच्या आणि बघायच्या. आधी नानांना अवघड व्हायचं. ते चमचा तोंडाशी नेत आणि लेकीच्या चेहऱ्याकडे बघत. वाटीत काही उरलं की त्यांचा हात नकळत इकडेतिकडे जाई, कुठे ठेवता येईल का बघत. बाईंना कळून चुकलं की वही गेली, काटा गेला, पण नानांचं मोजमाप अजून आपल्या चेहऱ्यावरून चाललं आहे. मग त्या शिकल्या. अर्धी वाटी परत आली तर 'बरं' म्हणायचं. पाऊण आली तरी 'बरं'च म्हणायचं, त्याच आवाजात. उठायचं, वाटी उचलायची, गुणगुणत आत जायचं. हे सोपं असेल असं कुणाला वाटत असेल तर त्यानं करून बघावं. दहा-हजारावा भाग वाचणारी बाई ती, तिला स्वतःच्या ओठाचा कोपरा स्थिर ठेवायला तीन आठवडे लागले.

त्यानंतरची एक दुपार. शेडमध्ये खाट टाकली होती, कारण नानांना लाकडाचा वास हवा असायचा. बाईंनी दुधात कालवलेला भात आणला, पाणी म्हणावं इतका पातळ. नाना उशीला टेकून बसले. एक चमचा घेतला. खूप वेळानं दुसरा. तिसरा ओठांपर्यंत नेला आणि परत वाटीत ठेवला. आत वाट पुन्हा बंद होत आली होती. ते दोघांनाही कळलं.

नानांनी वाटी दोन्ही हातांनी धरून लेकीच्या पुढे केली. एक थेंब सांडला नाही.

"बघ चिमे," ते म्हणाले. "सगळं इथंच आहे. कुठं काही लपवलेलं नाही."

बाईंनी वाटीत पाहिलं. वाटी जवळपास भरलेली होती.

"दिसतंय नाना."

"लिहायचं तर लिही."

"नाही लिहीत. बरं झालं दाखवलंत."

नाना त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, फळीची कड डोळ्यासमोर धरून सरळ आहे का बघावं तसे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग त्यांनी मान हलवली आणि उशीवर डोकं टेकलं.

"आज तोंड नाही पाडलंस," ते म्हणाले. "शिकलीस."

"शिकले," बाई म्हणाल्या. वाटी घेऊन त्या उठल्या, गुणगुणत दारातून बाहेर पडल्या, अंगण ओलांडून स्वयंपाकघरात गेल्या. वाटी ओट्यावर ठेवली, नळ पुरता सोडला, आणि मग तिथं, बघणारं कुणी नव्हतं तेव्हा, तोंड जेवढं पडायचं तेवढं पडू दिलं.